“कोल्हापुरात काही घडतच नाही” म्हणे!

पान्हा_उद्यमनगर

परवा आपल्याच एका बाणेरवासी मित्रानं हितं लांबलचक पोस्ट टाकली, ती वाचल्यापासनं डोकं तडकलंय म्हणून लिहालोय. लांब होणार हाय, ज्याला वेळ न्हाई त्यानं खाली सरकावं.

साहेबांनी शनिवार-रविवार घरात बसून ‘अवर फ्रेंड्स इन द नॉर्थ’ बघितली. बीबीसीची, १९९६ ची. न्यूकॅसलचे चार दोस्त, पहिल्या भागात १९६४ साली विशीच्या आसपासचे आणि शेवटच्या भागात १९९५ ला पन्नाशी गाठलेले. नऊ भाग, आणि भागाचं नाव म्हणजे नुसतं साल. बघून साहेब हळवे झाले. हितपर्यंत ठीक हाय, आम्ही पण झालो. पण शेवटाला काय लिहिलंय बघा: “असली मालिका आपल्याकडे होणं शक्य नाही. कोल्हापूरच्या चार मित्रांच्या आयुष्यात घडतं तरी काय? डिग्री, पुणे, फ्लॅटचा हप्ता आणि मग ग्रुपवर गुड मॉर्निंग.” आणि त्याच्याखाली सगळ्यांनी धडाधड अंगठे दिलेत!

भावा, तुझ्या आयुष्यात घडलं नसंल. आमच्या अंगावर कशाला ढकलालाईस?

त्या मालिकेत तरी असं कुठलं आभाळ कोसळतंय? निकी राजकारणाच्या नादानं युनिव्हर्सिटी सोडतो. टॉस्करला गायक व्हायचं असतंय, होतो धंदेवाला. जॉर्डी लंडनला पळतो आणि फिरून फिरून फूटपाथवर येतो. मेरी लग्न करते चुकीच्या माणसाबरोबर. आणि ह्यांच्या मागं गाव चालू असतंय, म्हणजे लोकांना घरं बांधून द्यायच्या ठेक्यात खाल्लेले पैसे, गळक्या भिंती, १९८४ चा खाणकामगारांचा संप. ह्यातलं आपल्या गावाला नवीन काय हाय सांग बघू.

आम्ही चौघं १९९२ ला विद्यापीठाच्या हॉस्टेलवर होतो. एक पुढं वकील झाला. त्याची निम्मी वकिली कोल्हापुरात हायकोर्टाचं खंडपीठ पायजे ह्या आंदोलनात गेली, साखळी उपोषणात बसून बसून केस पांढरे झाले, पोरगी विचारायची पप्पा आज कोर्ट हाय का मांडव हाय. १८ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंचचं काम सुरू झालं त्या दिवशी गडी कोट घालून आत गेला आणि बाहेर येऊन माझ्या स्कूटरवर बसून ढसाढसा रडला. दुसरा एका पतसंस्थेत मॅनेजर. संस्था बुडाली, ह्यानं एक रुपाया खाल्लेला न्हाई पण सही ह्याचीच, ठेवीदार दारात यायचे, मग हा तीन वर्षं मागच्या दारानं बाहेर पडायचा. रंकाळ्यावर फिरायला येणं बंद, कारण तिथं ओळखीचं कोण ना कोण भेटतंयच. तिसरा मी, लेथ मशीन आणि जीएसटी, माझं सोडा. चौथा बाणेरला जाऊन आम्हाला सांगालाय की तुमच्यात काही घडत न्हाई.

ह्याची मालिका होत न्हाई?

बाणेरवासी

आलास का. मला वाटलंच होतं तू येणार, आणि वकिलाला घेऊनच येणार.

आधी नीट वाचत जा. “घडत नाही” म्हणजे दुःख नाही असं मी म्हटलेलं नाही. तू सांगितल्यास त्या चहाच्या टपरीवरच्या गोष्टी आहेत. चांगल्या आहेत, पण सुट्या आहेत. त्या मालिकेत चौघांची आयुष्यं एकमेकांत अडकलेली आहेत, टॉस्करची बायको ती पुढे निकीची बायको, आणि चौघांच्या वर एकच शहर आणि एकच राजकारण. ते लिहायला पीटर फ्लॅनरीला किती वर्षं लागली? १९८२ ला नाटक म्हणून आलं, टीव्हीवर यायला १९९६ उजाडलं. चौदा वर्षं! आपल्याकडे लेखकाला चौदा दिवस देत नाहीत. आठवड्याला सहा भाग, गुरुवारी टीआरपी, शुक्रवारी ट्रॅक बदला. तुझ्या वकिलाचा मांडव तिसऱ्या आठवड्यात गुंडाळतील आणि त्याच्या बायकोच्या मंगळसूत्रावर बारा भाग काढतील.

आणि वय? आपल्या मालिकेत वय होतच नाही. लीप घेतात. जाहिरातीच्या ब्रेकमध्ये पंधरा वर्षं गेली, पोरगी कॉलेजला आली, आईचा केस काळा तो काळाच. चष्मा दिला की झाली चाळिशी.

कोल्हापूरला मी नावं ठेवलेली नाहीत. खरं ते बोललो. आपल्या बॅचचे किती जण तिथे राहिले सांग. मित्रच एका गावात नाहीत तर त्यांची गोष्ट एकत्र कशी चालणार?

गंगावेस_तालीम

ते सगळं जाऊ द्या. मालिका होईल न होईल, पण झाली तर त्यातली मान्सं बोलणार कशी ते आधी सांगा. टीव्हीवर कोल्हापूर आलं की पैलवान पायजे, तो भोळा पायजे, त्यानं दर वाक्याला एक टाळीचा शब्द फेकला पायजे. ‘तुझ्यात जीव रंगला’ २०१६ ते २०२१ चालली, वसगड्याला शूटिंग, लोक गाड्या काढून वाडा बघायला जायचे, आमच्या घरची मंडळीपण दोनदा जाऊन आलीत. चांगली होती, आई रोज बघायची, त्याबद्दल वाद न्हाई. पण त्यानंतर पुण्यातला कुठलाबी पाव्हणा घरात आला की चहाला “चालतंय की”, पाण्याला “चालतंय की”, अरे आम्ही म्हणतो की ते पण श्वास घेतल्यागत न्हाई म्हणत!

आणि दुसरं. मालिकेत कोल्हापूरची बाई “मी येते, मी जाते” म्हणते. आमच्या गल्लीत एक बाई दाखवा असं म्हणणारी. आमची आज्जी, आई, बहीण, सगळ्या “मी येतो, मी करतो, मी आलो”. एवढी साधी गोष्ट एका लेखकाला ठाऊक नसती?

सुकी_भेळ

काका तुम्ही लोक खरंच भांडताय एका ब्रिटिश सिरीयलवरनं 😂 आमच्या वेळेला दोस्तांची म्हणजे ‘दिल दोस्ती दुनियादारी’. २०१५ ला सुरू, वर्षभरात संपली, मुंबईतला फ्लॅट, सगळे विशीतले, सगळे गोड. आम्ही मरत होतो त्यांच्यावर. पण कोणी म्हातारं झालं नाही हे खरंय.

राजारामपुरी_नववी_गल्ली

गंगावेसच्या दादांनी विषय काढलाय म्हणून लिहितो. हो, लिहितो. बाईच आहे मी.

लग्न होऊन पुण्याला गेलो त्याला आता २६ वर्षं झाली. सासरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, “थांबा, मी चहा टाकतो.” अख्खा हॉल हसला. नणंद म्हणाली, आम्ही वहिनी आणली का दादा आणला? तिनं गमतीनं म्हटलं, वाईट मनात नव्हतं तिच्या, पण महिन्याभरात माझं “टाकतो” चं “टाकते” झालं आणि कोणी सांगितलंही नाही. आपोआप. आता मी पुण्यात अस्खलित “येते, जाते”. फक्त हॉस्टेलच्या मैत्रिणीचा फोन आला की पहिल्या वाक्याला “बोल गं, मी आत्ताच आलो”. माझी लेक लहान असताना विचारायची, आई, तू फोनवर मुलगा का होतेस?

वर तुम्ही म्हणताय ना, वय दाखवायला चष्मा देतात. पहिल्या भागात पोरीला “मी येतो” म्हणू द्या आणि पाचव्या भागात “येते”. कुणाला काही सांगायची गरज नाही.

आणि एक. वर सगळे चौघे चौघे करताय, ते सगळे पुरुष. त्या न्यूकॅसलच्या मालिकेत चौथी बाई आहे, विसरलात वाटतं. लग्न करते, पोरं होतात, संसार मोडतो, नगरसेविका होते, खासदार होते. माझ्या मते चौघांत सगळ्यात लांबचा पल्ला तिचा. आमच्या लेडीज हॉस्टेलला आम्ही पाच जणी होतो, आमच्याबद्दल कुणी धागा काढत नाही. आमची दोस्ती माहेरपणाच्या चार दिवसांत बसवावी लागते. नवरात्रात महालक्ष्मीच्या दर्शनाच्या रांगेत दोघी तिघी भेटतो, रांग जितकी मोठी तितक्या गप्पा जास्त. एकीचा नंबर २०११ पासून लागत नाही.

गंगावेस_तालीम

ताई एक नंबर लिहिलंय. फक्त महालक्ष्मी न्हवं, अंबाबाई म्हणा. महालक्ष्मी ही एक्स्प्रेस.

राजारामपुरी_नववी_गल्ली

एवढं सगळं लिहिलं त्यातनं तुम्हाला हेच सापडलं?

विद्यापीठातला_मोर

थोडी दुरुस्ती, निवृत्त माणसाला दुसरं काम नसतं. धागाकर्त्यांनी आणि मूळ पोस्टवाल्यांनी दोघांनीही असा समज करून दिला आहे की ते चौघे कॉलेजचे मित्र. तसं नाही. ते गावातले, एका वस्तीतले मित्र. युनिव्हर्सिटीचा संबंध निकीपुरता, आणि तोही सोडून देण्यापुरता. हा फरक मोठा आहे. गल्लीतला मित्र आपण निवडत नाही, हॉस्टेलचा निवडतो, म्हणून तो तुटला की जास्त लागतं.

भाषेबद्दल. गंगावेसवाल्यांचा आग्रह बरोबर, पण त्यांना एक माहिती देतो, पचते का बघा. त्याच मालिकेतल्या चार मुख्य नटांपैकी त्या भागातली एकटी जीना मॅकी, डरहॅम परगण्यातली. क्रिस्तोफर एकल्स्टन सॉलफर्डचा, मार्क स्ट्राँग लंडनचा आणि डॅनियल क्रेग, जो पुढे जेम्स बाँड झाला, तो चेस्टरचा. म्हणजे न्यूकॅसलची सर्वांत गाजलेली मालिका, आणि चारातले तीन पाव्हणे. मालिका पडली का?

बायकांच्या “मी येतो” बद्दल असंही म्हटलं जातं की ते कानडीच्या शेजारामुळे. कानडीत “मी” बरोबरच्या क्रियापदाला लिंग नसतं, बाई असो की बाप्या, “नानु बरुत्तेने”. सीमेवर राहणाऱ्यांनी ते उचललं असावं.

गंगावेस_तालीम

सर मान देऊन बोलतो. ते तीन पाव्हणे असतील पण त्यांनी महिनोन् महिने घासून भाषा शिकली असंल. आपल्याकडं नट सोमवारी कोल्हापुरात उतरतो, मंगळवारी “लै भारी” शिकतो, बुधवारी शूटिंग. आणि हितं राज्य नाट्य स्पर्धेला घासून तयार झालेली पोरं बेकार बसलीत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा हीच पोरं रस्त्यावर उभी राहून रडत होती, मी होतो तिथं, धूर खासबागेच्या मैदानावर आलेला. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्या पोरांना घ्या की मालिकेत! त्यांना “करालोय” शिकवावं लागणार न्हाई.

आणि “करालोय” चं पण सांगतो. “काय करतोयस” हे पुणं झालं. “काय करालाईस” हे कोल्हापूर. “काय कराय लागलाईस” हे जरा निवांत असल्यावर. ह्यात फरक हाय आणि तो कळल्याबिगर डायलॉग लिहू नये.

गडहिंग्लजकर

तुमचं कोल्हापूर म्हणजे रंकाळा ते बिंदू चौक. जिल्ह्यात बारा तालुके आहेत हो! आमच्याकडं वेगळं बोलतात, आजऱ्याला वेगळं, चंदगडला तर तुम्ही गंगावेसवाले उभे राहिलात तर निम्मं कळणार न्हाई, तिथं कोकणी बी हाय आणि कानडी बी हाय. विद्यापीठाच्या हॉस्टेलवर पोरं कुठली असतात? शहरातली घरी जेवायला जातात, हॉस्टेलवर आम्ही असतो. म्हणजे हॉस्टेलच्या मित्रांची मालिका काढली तर त्यात चंदगडी पायजे. ह्याचं उत्तर द्या.

गंगावेस_तालीम

चंदगडी घातली तर सबटायटल लागतील.

गडहिंग्लजकर

लागू देत की. तांबड्या रश्श्याला लागत न्हाईत का?

सुकी_भेळ

रश्श्याला सबटायटल 😭😭

राजारामपुरी_नववी_गल्ली

मोर सर, ते कानडीचं आधी सांगायला हवं होतं कुणीतरी. २६ वर्षांपूर्वी नणंदेच्या तोंडावर मारलं असतं.

पान्हा_उद्यमनगर

अरे धागा कशावर हाय आणि तुम्ही कुठं पोचलाय! बोलीचा वेगळा काढा की.

बाणेरवासी, तुझा प्रश्न: मित्र एका गावात न्हाईत तर गोष्ट एकत्र कशी चालणार. त्या मालिकेत तरी असतात का? जॉर्डी लंडनला, निकी कुठंकुठं, तरीबी गोष्ट चालतीच की. का चालती? कारण कोणतरी गावात राहिलेला असतोय. राहिलेला माणूस म्हणजे खुंटी, बाकीच्यांनी त्याला अडकवून झोके घ्यायचे. तुम्ही सगळे वर्षातनं एकदा येता, मिसळ खाता, फोटो टाकता, “कोल्हापूर बदललं रे” म्हणून उसासा टाकता आणि रात्री सातच्या आत पुण्याला. आणि गाव बदलालंय तेव्हा हितं उभा कोण असतोय? शाहू मिल १९०६ ची, भोंग्यावर आमचा बाप घड्याळ लावायचा, ती बंद पडली तेव्हा तू होतास? टोलच्या आंदोलनात होतास? बायपासच्या कामात आमच्या वकिलानं काठ्या खाल्ल्या तेव्हा?

बाणेरवासी

बायपासचं आंदोलन कुठलं? टोलचंच ते. जोशात काहीही लिहितोस.

आणि हे “राहिलेला म्हणजे निष्ठावान, गेलेला म्हणजे पळपुटा” हे किती वर्षं चालवणार आहेस? तुझ्या वडिलांचं उद्यमनगरात शेड होतं म्हणून तू राहिलास. माझ्या वडिलांचं काय होतं? भाड्याची खोली. मला एमएस्सी होऊन दीड वर्ष तिथे नोकरी मिळाली नाही, तुला माहितेय, तुझ्याच वर्कशॉपवर बसून मी अर्ज लिहीत होतो. राहणं ही तुझी चैन होती. माझी नव्हती.

पान्हा_उद्यमनगर

चैन? चैन म्हणालास?

२०१९ च्या ऑगस्टात तुझ्या आईला शाहूपुरीतल्या घरातनं कुणी काढलं? जिन्याच्या पाचव्या पायरीला पाणी होतं. मी आणि वकील दोघं गेलो, म्हातारी देवघरातलं टाक घेतल्याशिवाय हलायला तयार न्हाई, कमरेएवढ्या पाण्यात वकिलानं पाठीवर घेतली. आठ दिवस माझ्या घरात होती. तू कुठं होतास? फोन करत होतास! दर तासाला फोन, “आई कशी आहे, आई कशी आहे”. तुझ्या फोननं म्हातारीची बॅटरी संपली.

ॲडमिन

दोन प्रतिसाद काढलेत. घरच्यांवर जाऊ नका. शिव्या द्यायच्या तर मालिकावाल्यांना द्या, ते वाचत नाहीत.

बाणेरवासी

ॲडमिन, वरचं राहू दे. मला उत्तर द्यायचंय.

मी किणी टोलनाक्यावर होतो. शिरोलीला हायवेवर पाणी होतं, गाड्या पुढे सोडत नव्हते. दोन रात्री तिथे गाडीत झोपलो. पुढेमागे ट्रकच ट्रक. त्यातल्या एका ड्रायव्हरनं स्टोव्हवर भात केला तो खाल्ला. तासाला फोन करत होतो कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. किणीपासून तुझं घर किती, वीस-पंचवीस किलोमीटर? तेवढ्यासाठी दोन रात्री. तिसऱ्या दिवशी ऑफिसमधून निरोपावर निरोप आले तेव्हा परत फिरलो. पाणी उतरल्यावर आलो ते तुला माहीतच आहे, तेव्हा तू म्हणालास “आलास का, पाणी बघायला?”

सांगितलं नाही कारण सांगून काय झालं असतं? पोचलो नाही तो नाहीच.

सुकी_भेळ

मी मगाशी हसत होतो, सॉरी. एक सांगतो.

माझे पप्पा २०२१ ला गेले, दुसऱ्या लाटेत. त्यांचे कॉलेजचे तीन दोस्त. त्यातला एक जण दर महिन्याला घरी येतो. पहिल्या रविवारी वगैरे असं ठरलेलं नाही, पण महिना चुकत नाही. येतो, पप्पांच्या खुर्चीत बसत नाही, समोरच्या स्टुलावर बसतो. मम्मी चहा देते. “अभ्यास कसा चाललाय” एवढं मला विचारतो, मी आता नोकरीला आहे तरी तेच विचारतो. चहा संपला की उठतो. सगळं मिळून दहा मिनिटं. मला आधी बोअर व्हायचं. आता तो आला नाही की मम्मी खिडकीतनं बघत बसते.

बाणेरवाले काका म्हणतात तसं ह्यात काही घडत नाही. बरोबरच आहे. पण मी बघीन अशी सिरीयल.

राजारामपुरी_नववी_गल्ली

बाळा, तुझ्या मम्मीला नमस्कार सांग.

विद्यापीठातला_मोर

त्या मालिकेत निकीचे वडील १९३६ च्या जॅरोच्या मोर्चात चाललेले असतात, बेकारीविरुद्ध लंडनपर्यंत पायी. म्हातारपणी त्यांची स्मृती जाते. मुलगा जन्मभर राजकारणात बापाशी वाद घालतो आणि बापाला ओळखायला जातो तेव्हा बापालाच काही ओळखता येत नाही. मी ते बघून टीव्ही बंद केला होता. माझे वडील शेवटची दोन वर्षं मला “मास्तर” म्हणत होते. शिक्षक होतो म्हणून नाही, ओळख पटत नव्हती म्हणून.

बरं. वादाकडे. दोघांनाही सांगतो, एक जण पाठीवर म्हातारी घेऊन पाण्यात आणि दुसरा वीस-पंचवीस किलोमीटरवर गाडीत, हे दोन्ही एकाच भागात येतं. भागाचं नाव २०१९. एवढं मला कळतं. टीआरपीचं मला कळत नाही.

पान्हा_उद्यमनगर

किणीचं मला ठाऊक न्हवतं.

सहा वर्षं झाली की मर्दा. सहा वर्षांत एकदा बोलायचं न्हाई होय? ट्रकवाल्याचा भात खाल्लास हे तरी सांगायचं. मी पाणी बघायला आलास म्हणालो असंल, तेव्हा माझ्या शेडमध्ये पाच फूट पाणी येऊन गेलेलं, मोटारी जळालेल्या, मी कुणालाबी काहीबी बोलत होतो, बायकोलापण बोललो. तरी चूक ती चूकच.

बायपास-बिपास मी जोशात लिहिलं. चैन शब्द मात्र तू मागं घे. शेड वडिलांचं होतं पण त्याच्यावर कर्जबी वडिलांचंच होतं, ते २००९ ला फिटलं.

बाणेरवासी

घेतला. कर्जाचं मला माहीत नव्हतं, तूही कधी सांगितलं नाहीस. हिशोब बरोबर झाला.

आणि मालिकेबद्दल माझं मत तेच आहे. होणार नाही. कुठलं चॅनेल पैसे घालणार? पहिल्या भागात साल १९९२, म्हणजे हॉस्टेलच्या खोल्या तशा उभ्या करा, स्कूटर शोधा, केशवराव जळण्याआधीचं दाखवा, दोन-तीन महापूर दाखवा. एक पूर दाखवायचा तर सगळं बजेट पाण्यात. फार तर नऊ भाग होतील, वेबवर, ते पण कुणी वेडा भेटला तर. एवढंच मान्य करतो, ते पण मोर सरांनी भागाला नाव दिलंय म्हणून.

गंगावेस_तालीम

नऊ भाग असतील तर डायलॉग मी लिहितो. फुकट. अट एकच, कुणीबी “चालतंय की” म्हणायचं न्हाई.

राजारामपुरी_नववी_गल्ली

आणि लेडीज हॉस्टेल?

बाणेरवासी

ताई, तुमचा भाग आधी लिहून पाठवा. नंबर न लागणाऱ्या मैत्रिणीचा. तिचं नाव वगैरे नको, कुठल्या गावची होती एवढं सांगा.

राजारामपुरी_नववी_गल्ली

चंदगडची.

गडहिंग्लजकर

बघा! सकाळपासनं बोंबलालोय, चंदगडी पायजे म्हणून. माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं न्हाई.